बँकॉकमधला मोकळा दिवस
आईसोबत बँकॉकमध्ये एकच दिवस मोकळा आहे, मॉल सोडून काय बघू असं एकीने विचारलंय म्हणून लिहिते. सकाळी लवकर वाट फो हे बौद्ध मंदिर गाठा ('वाट' म्हणजे मंदिर), ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध आहे आणि त्याच्या पाठीमागे भिंतीलगत ओळीने १०८ काशाची भांडी, लोक एकेकात नाणं टाकत पुढे सरकतात, ती किणकिण अख्ख्या हॉलमध्ये भरून राहते, आम्ही तर मुद्दाम दोनदा फेरी मारली. मग था तियेन धक्क्यावरून बोटीने नदीपलीकडे वाट अरुण. खरेदीला मात्र पाक ख्लोंग तलातच, फुलांचा बाजार! झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्यांचे घट्ट गुंफलेले छोटे हार, माझी आई दादरला आल्यासारखी रमली. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी असतो पण चालून पाय दुखतात, आईंना नका नेऊ.