शाळेतील सहकाऱ्यांना ड्राइव्ह आणि क्लासरूमची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न: माध्यमिक शिक्षिका, तासगाव तालुका

सप्रेम नमस्कार. आमची शाळा पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. गूगल ड्राइव्ह (फाइली इंटरनेटवर साठवण्याची सोय) आणि गूगल क्लासरूम (वर्गाला काम देण्याची व तपासण्याची सोय) ही दोन साधने सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले आहे. आज घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, निकालपत्रके कार्यालयातील संगणकावर, उपक्रमांचे फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आणि मागील वर्षांचे बरेचसे दप्तर बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्यांच्या खात्यात अशी अवस्था आहे. वरून एखादी माहिती तातडीने मागवली गेली की तास सोडून शोधाशोध करावी लागते.

यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण झाले होते, परंतु दुसऱ्या दिवसापासून कोणी ते उघडले नाही. निवृत्तीला आलेले सहकारी शिकवण्यात अतिशय तयारीचे आहेत. आपल्या हातून काही पुसले जाईल, ही त्यांची खरी भीती आहे. दोन्ही साधने एकदम शिकवावीत की आधी एकच? आणि खाती वैयक्तिक वापरावीत की शाळेची?

उत्तर: शिक्षक, कोरेगाव (सातारा)

आधी ड्राइव्हच घ्यावे, आणि तेही ज्या कामाचा सर्वांना कंटाळा आहे अशा एका कामापासून. आमच्याकडे आम्ही आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी निवडल्या. मोबाइलच्या कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की अक्षरे उमटतात, हे कळल्यावर आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी "वाचन स्पष्ट करतो, कविता चालीत म्हणतो, स्वतःहून प्रश्न विचारतो" अशा नोंदी बोलून भरायला सुरुवात केली, आणि ज्यांना टंकलेखन म्हणजे शिक्षा वाटत होती ते सर्वजण त्यांच्या टेबलाभोवती जमले. ज्या साधनाने शिक्षकाचा वेळ वाचतो, ते पुन्हा उघडा म्हणून सांगावे लागत नाही.

पुसले जाण्याच्या भीतीबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की ती समजावून जात नाही, करून दाखवल्यावरच जाते. प्रत्येकाला एक फाइल मुद्दाम डिलीट करायला लावावी आणि ट्रॅशमधून (ड्राइव्हच्या कचरापेटीतून) परत आणायला लावावी. ती तेथे 30 दिवस राहते. त्यानंतर एखाद्या दस्तऐवजातील परिच्छेद खोडून, व्हर्जन हिस्टरीतून (फाइलच्या आधीच्या रूपांच्या नोंदीतून) जुना मजकूर परत आणून दाखवावा. हे ज्याने त्याने स्वतःच्या बोटांनी करायला हवे. प्रोजेक्टरवर पाहून ते हातात बसत नाही.

क्लासरूम पुढील सत्रात घ्यावे, आणि पहिला वर्ग मुलांचा नसून शिक्षकांचाच असावा. मुख्याध्यापकांनी त्यात सूचना द्याव्यात आणि शिक्षकांनी घटक नियोजन तेथेच सादर करावे, म्हणजे काम दिलेले विद्यार्थ्याला कसे दिसते, सादर कसे होते आणि शेरा कोठे येतो, हे सर्व विद्यार्थ्याच्या बाजूने कळते.

उत्तर: संगणक शिक्षक, सांगली

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त पहिल्या फाइलच्याही आधी खात्यांचा प्रश्न सोडवावा, अशी कळकळीची विनंती आहे. वैयक्तिक खात्यात तयार केलेल्या फाइलची मालकी त्या व्यक्तीकडे राहते, म्हणून बदली किंवा निवृत्ती झाली की दप्तरही त्यांच्याबरोबर जाते. शिवाय मोफत वैयक्तिक खात्यातील 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी ती भरली की ईमेल येणेही थांबते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते, हेही लक्षात ठेवावे.

पात्र शैक्षणिक संस्थांना गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन या संस्थेच्या नावाने खाती देणाऱ्या सेवेची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते आणि संपूर्ण संस्थेसाठी मिळून 100 टीबी सामायिक जागा असते. त्यासाठी शाळेच्या नावाचे डोमेन (इंटरनेटवरील पत्ता) लागते आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. तो खर्च शाळा समितीपुढे आवर्जून मांडावा. त्यातील शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइल व्यक्तीची नसून संस्थेची असते.

'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' ही सोय विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी कधीही वापरू नये, कारण जातीचा दाखला, आधार क्रमांक, बँक खाते हे सर्व त्या माहितीत असते आणि लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर सहज जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, तेव्हा आपली जवळजवळ सर्व पटसंख्या त्यात येते.

उत्तर: वरिष्ठ लिपिक, मिरज तालुका

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख आपण केलात, याचा आनंद वाटला, कारण अशा प्रशिक्षणात आम्ही बहुधा खुर्च्या मांडण्यापुरतेच असतो. प्रत्यक्षात शाळेचे कायमस्वरूपी अभिलेख कार्यालय सांभाळते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, जेथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. नदीकाठच्या गावांत भिजलेल्या रजिस्टरांची पाने उन्हात वाळवून एकेक सोडवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना दुसरी प्रत दूर ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र जनरल रजिस्टरची (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीची) मूळ कागदी प्रत हीच मुख्य नोंद राहिली पाहिजे. ड्राइव्हवरील स्कॅन ही तिची राखीव प्रत समजावी. पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा दाखला मागायला माणसे आजही येतात. स्कॅन करताना वर्षानुसार फोल्डर करून फाइलच्या नावात रजिस्टर क्रमांकाची सुरुवात आणि शेवट लिहावा. ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमधील स्कॅनची सोय यासाठी पुरेशी आहे. वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डोमेनचा विषय शाळा समितीच्या पुढील बैठकीत ठेवते आणि लिपिकांनाही पहिल्याच गटात घेते. एक अडचण राहिली: आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत आणि ड्राइव्हमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात.

उत्तर: संगणक शिक्षक, सांगली

त्या युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच दिसावीत यासाठीच्या प्रमाण पद्धतीत) नसल्यामुळे असे होते, आणि म्हणूनच शोध घेतला तरी त्या सापडत नाहीत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तेथूनच त्यांची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे निदान वाचता आणि छापता येतील. ज्या प्रश्नपेढीत पुढे बदल करायचा आहे तेवढीच युनिकोडमध्ये आणावी. छापील पानाचा स्पष्ट स्कॅन गूगल डॉक्समध्ये उघडल्यास बराचसा मजकूर मराठीत येतो, परंतु जोडाक्षरे, रफार आणि गणितातील अपूर्णांक त्या विषयाच्या शिक्षकांनी मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय ती प्रश्नपत्रिका वर्गात देऊ नये.