स्वयंचे ४० टक्के: कोकणातल्या कॉलेजांनी घ्यावेत की नाही?

जांभा (धागाकर्ता)

एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घेऊन त्यांचे क्रेडिट (पदवीसाठी मोजायचे श्रेयांक) धरायची मुभा युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ साली दिली. २०२१ च्या नियमांत ती ४० टक्के झाली. माझं म्हणणं, तालुक्याच्या कॉलेजांनी ती पुरेपूर वापरावी.

तिसऱ्या वर्षाला दहा-बारा मुलं उरली की ऐच्छिक विषय म्हणजे हाताशी असलेल्या शिक्षकाचा विषय. सांख्यिकीला माणूस नाही, म्हणून सांख्यिकी नाही. इकडे एनपीटीईएलवर, म्हणजे स्वयंवरच्या आयआयटींच्या कोर्सविभागात, आयआयटीच्या प्राध्यापकाचा १२ आठवड्यांचा, ३ क्रेडिटचा कोर्स फुकट पडलाय. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला, विषयामागे हजार रुपये. देवरुख-लांज्याच्या मुलाने त्यासाठी मुंबईत खोली का घ्यावी?

भरतीओहोटी

असहमत. कोर्स फुकट आहे, क्रेडिट फुकट नाही. मुलं कुठे गळतात ते बघा.

नावनोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली की मुलाला वाटतं झालं. परीक्षेचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी, फी वेगळी. ती तारीख हुकली तर बाराच्या बारा असाइनमेंट करूनही हातात काही नाही.

दुसरं, गुण. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. असाइनमेंटमध्ये २४ आणि परीक्षेत २८ मिळाले तर बेरीज ५२, तरी नापास. आपल्याकडे 'बेरजेत निघतंय' म्हणायची सवय, ती इथे चालत नाही.

तिसरं, गणपती. जुलैच्या सत्राचा कोर्स जुलैअखेर सुरू झाला की पाचवा ते आठवा आठवडा नेमका गणपतीच्या आसपास येतो. असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९. कोकणातलं पोर त्या आठवड्यात आरतीला असतं, लॅपटॉपसमोर नाही.

जांभा

गणपतीचं गणित तुम्ही अर्धंच मांडलंत. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार बुडाल्या तरी चालतं. ८ आठवड्यांच्या कोर्सला ८ पैकी ६, आणि ४ आठवड्यांच्या कोर्सला ४ पैकी ३. म्हणून पावसाळी सत्रात लांब कोर्स घ्यावा आणि छोटे जानेवारीच्या सत्राला ठेवावेत. शिवाय असाइनमेंट आठवड्याच्या सुरुवातीलाच उघडते, बुधवारची वाट कोण बघायला सांगतंय?

परीक्षेच्या नोंदणीचं मान्य. ते काम मुलावर सोडूच नये. विभागातल्या एका शिक्षकाने यादी करून सगळ्यांचे फॉर्म कॉलेजच्या लॅबमध्ये एका बैठकीत भरून घ्यावेत. प्रोफाइलवरचं नाव मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तेव्हाच बघावं, नाहीतर क्रेडिट बँकेत (मुलाचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) पुढे अडकतं.

तारकर्लीकर

ह्या सगळा खरा, पण पावसात लाइट गेल्यार तुमचो कोर्स चलतलो कसो?

सड्यावरून

चालतो, पण त्याची तयारी मे महिन्यात करावी लागते.

वाडी डोंगराच्या कुशीत, टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, त्यामुळे घरात रेंज नाही हे नेहमीचंच. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे डिझेल पोचलं तर. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वेळा किनाऱ्यावर वीज किती दिवस नव्हती ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून थेट बघण्याच्या भानगडीत पडू नये.

हिशोब असा. आठवड्याला अडीच तास धरले तर १२ आठवड्यांचे ३० तास. ५०० किलोबिटच्या व्हिडिओला तासाला साधारण २२५ एमबी, म्हणजे अख्खा कोर्स पावणेसात जीबीत बसतो. ३२ जीबीच्या कार्डावर चार कोर्स मावतात. नुसता आवाज ६४ किलोबिटने ठेवला तर तासाला २९ एमबी, पण तो इतिहास-तत्त्वज्ञानालाच. रसायनशास्त्राला ३६० पीच्या खाली उतरू नका. १४४ पीवर फळ्यावरचं सल्फेट कुठलं नि सल्फाइट कुठलं ते कळत नाही, खाली लिहिलेला ३ आणि ४ सारखेच दिसतात. मुलगा चुकीचं उतरवतो आणि त्याला चुकलंय हेही कळत नाही.

कॉलेजात जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मूडल (कोर्स चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) बसवावं. वाय-फायला इंटरनेट नसलं तरी चालतं, मुलं कॉलेजात येऊन फोनमध्ये उतरवून नेतात. मूडलच्या अ‍ॅपमध्ये सराव प्रश्नसंच नेटशिवाय सोडवायची सोय आहे, फक्त शिक्षकाने सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. रास्पबेरी पाय आणि राउटर मिळून २५ वॅट. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी निम्मी वापरली तरी ९०० वॅट-तास, म्हणजे दीड दिवस.

बिघडतं ते बहुतेक अर्थिंगमुळे. जांभा दगडात पाणी थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत आणि वळवाच्या विजा त्याच दिवसांत. राउटर उडतो, सोबत स्विचही. कोळसा-मीठ भरून खड्ड्यात पाणी घालत राहावं आणि गडगडलं की सरळ प्लग काढावा.

देवगडवाला

डीटीएचवरचं 'स्वयंप्रभा', म्हणजे सरकारी शैक्षणिक वाहिन्या, सगळे विसरले वाटतं. त्याला नेट लागत नाही. रोज चार तासांचं नवीन, आणि तेच दिवसात आणखी पाच वेळा. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो हे खरं, पण दुपारी गेलं तर रात्री परत लागतं.

भरतीओहोटी

तंत्राचं उत्तर मिळालं, छान. पण माझा खरा आक्षेप कार्यभाराचा, म्हणजे शिक्षकाच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या तासांचा आहे.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. ३ क्रेडिटचे, म्हणजे आठवड्याला ३ तासांचे, पाच विषय स्वयंवर गेले की १५ तास उडाले, म्हणजे जवळजवळ एक पद. पद रिकामं झालं की 'कार्यभारच नाही' म्हणून भरायचं नाही, आणि माणूस नाही म्हणून पुढच्या वर्षी सहावा विषय स्वयंवर. जांभाराव, तुमच्या सांख्यिकीला माणूस का नाही, याचं उत्तर पाच वर्षांनी स्वयं हेच असेल.

आणि घाई काय करते ते मुंबई विद्यापीठाने २०१७ ला दाखवलंय. उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायची पद्धत ऐन हंगामात आणली, निकाल महिनोन्महिने लांबले, शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. पद्धत वाईट नव्हती, तालीम नव्हती.

खाजण

दोघांनाही एक विचारतो. हाताचं शिक्षण कुठे बसवणार? आंब्याचं कोय कलम घ्या. जुलै-ऑगस्टची दमट हवा, नुकतं रुजलेलं, तांबूस पानांचं कोवळं रोप, वर मधोमध चीर आणि तिच्यात चांगल्या झाडाची, पाचरीसारखी तासलेली काडी. व्हिडिओत ते दोन मिनिटांत होतं. प्रत्यक्षात चाकू बोथट असला की काप दाबला जातो, साली जुळत नाहीत, पट्टी सैल बसली की पाणी शिरून काडी काळी पडते. पट्टी किती ताणायची हे बोटांनाच कळतं. असले विषय ४० टक्क्यांत कुणी घालू नयेत, एवढं तरी लिहून घ्या.

जांभा

खाजण, शंभर टक्के. प्रात्यक्षिकाचा विषय स्वयंवर नकोच. पण काप कसा घ्यायचा ते आधी दहा वेळा बघून आलेला मुलगा आणि पहिल्यांदाच चाकू धरणारा मुलगा यांत फरक पडतोच.

भरतीओहोटी, कार्यभाराचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून विषय निवडताना अट घाला: ज्या विषयाला गेली तीन वर्षं कॉलेजात शिक्षकच नव्हता, तोच स्वयंवर. आणि प्रत्येक विषयामागे आठवड्याचा एक तास शंकानिरसनाचा, वेळापत्रकात छापलेला आणि कार्यभारात मोजलेला.

भरतीओहोटी

छापलेला तास मोजणार कोण? उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने मान्य केला तरच त्याला अर्थ. ते पत्र आधी मिळवा, मग ४० काय, माझा ५० लाही विरोध नाही.

सड्यावरून

पत्र येईपर्यंत एक करा. ज्यांनी या सत्रात नाव घातलंय त्यांचे परीक्षा फॉर्म भरून घ्या. केंद्र कोल्हापूर निघालं तर आंबा घाट पावसाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. मुलांना आदल्या दिवशीच पाठवा.