'रनिंग मेट'ला मराठीत काय म्हणाल? (आणि नाक मुरडत दिलेल्या मताला?)

ओहायोवाली
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक जुना लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडून बसलेय. लेख अमेरिकेतल्या 2008 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आठवणींचा आहे. तेव्हा आम्ही ओहायोत डेटनजवळ राहायचो. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं ते तिथेच, 29 ऑगस्टला, स्वतःच्या 72 व्या वाढदिवशी.

लेखात आमच्या शेजारचे आजी-आजोबा आहेत. दोघं जन्माचे रिपब्लिकन. आजोबा नौदलातून निवृत्त झालेले, त्यामुळे व्हिएतनामच्या कैदेत साडेपाच वर्षं काढलेला मॅकेन म्हणजे त्यांचा देव. पेलिनबाईंचं नाव काढलं की मात्र कपाळाला आठी. आजींचं बरोबर उलटं. चर्चमधल्या सगळ्या मैत्रिणींसकट त्या पेलिनवर खूश, पण मॅकेनवर जुना राग. निवडणूक निधीचा कायदा फाइनगोल्डबरोबर, स्थलांतरितांचं विधेयक केनेडींबरोबर, दोघंही डेमोक्रॅट, म्हणजे हा माणूस कायम व्याह्यांच्याच पंगतीला, असं त्यांचं म्हणणं.

अंगणात पाटी एकच. निळी, वर मोठ्या अक्षरांत मॅकेन, खाली लहान अक्षरांत पेलिन. एके सकाळी बघते तर खालच्या नावावर रंगारी लावतात ती निळी चिकटपट्टी. पाटीही निळी, त्यामुळे रस्त्यावरून पटकन कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी वरच्या नावावर. ते नाव मोठं, म्हणून आजींना दोन पट्ट्या लागल्या होत्या. आठवडाभर हे चाललं आणि दोघं एकमेकांना त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

मतदानाच्या दिवशी आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले की मत तर देणार, पण या 'तिकिटा'बद्दल माझ्या 'मिक्स्ड फीलिंग्ज' आहेत. मी 'संमिश्र भावना' लिहिलं. आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "भावना आहेत की चिवडा?" 'द्विधा' चालत नाही, कारण आजोबांचं ठरलेलं होतं. आणि मुळात 'रनिंग मेट'ला काय म्हणू? रविवारपर्यंत लेख द्यायचाय.

टीपकागद
उपाध्यक्षपदाचा उमेदवार. सगळी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं हेच लिहितात, वाचणाऱ्याला कळतं. पुढचा प्रश्न?

ओहायोवाली
कळतं हो, पण त्यातून ती व्यक्ती वेगळ्या निवडणुकीला उभी आहे असं वाटतं. आजोबांची सगळी गोची हीच की मत एकच. पुण्यात चार जणांच्या प्रभागात चार बटणं दाबायची असतात, त्यामुळे मन चार ठिकाणी वाटता येतं. इथे दोन नावं आणि एकच खूण.

कोशकीटक
ताई, तुमची गोची 1804 सालची आहे. त्याआधी दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणारा उपाध्यक्ष व्हायचा. 1796 ला अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्ष कोण, तर त्यांच्या विरोधात उभे असलेले जेफरसन! 1800 ला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना 73-73 मतं पडली आणि प्रतिनिधीगृहाला 36 वेळा मतदान घ्यावं लागलं. त्यातून बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांसाठी वेगळी मतं मोजायला लागले. जोडी पक्षानेच जुळवून द्यायची ही रीत त्यातून पक्की झाली.

'रनिंग मेट' हा शब्द मात्र घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच तबेल्याचे दोन घोडे उतरवायचे, त्यातल्या एकाने दुसऱ्याला वेग लावून द्यायचा. तो वेग लावणारा म्हणजे रनिंग मेट. म्हणून मी 'सहधावक' सुचवतो. संस्कृत आहे, नेमका आहे, स्त्रीलिंगी 'सहधाविका' होतो.

रिकामटेकडा
सहधाविका म्हटल्यावर मला पेलिनबाई सकाळी सहाला पर्वतीला निघालेल्या दिसल्या.

घाटावरचा
कोशकीटक काका, एवढं लांब कशाला जाता? आमच्या खेड-जुन्नरकडं बैलगाड्याच्या घाटात या. गाड्याच्या पुढं घोडी पळते, वर पोरगं बसलेलं असतं. बैल घोडीच्या मागं सुटतात. घोडी चांगली तर गाडा चांगला. हा तुमचा रनिंग मेट. शब्द शोधायचा नाही, घाटात बघायचा.

कोशकीटक
वा! पण पेलिनबाईंना 'घोडी' म्हणणार का दिवाळी अंकात?

घाटावरचा
तसं नाही म्हणलो मी. आणि आमच्याकडं घोडीला जो मान आहे तो तुमच्या उपाध्यक्षालाबी नसंल. 2014 ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा लोक बैलांइतकेच घोडीसाठी रडले. डिसेंबर 21 मध्ये परत परवानगी आली तेव्हा आमच्या चुलत्यानं आधी घोडीला ओवाळलं.

आत्याबाई
अरे शब्द समोर आहे. पाठराखीण! नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत जाते ती. पुरुष असेल तर पाठराखा. तिकडची उपाध्यक्षाची निवडसुद्धा अशीच की. माहेरच्यांनी विचार करून पाठवायचं, नवरीत जे कमी आहे ते हिच्यात असावं.

माझी पाठराखीण म्हणून माझी मावसबहीण आली होती, बारा वर्षांची. मी गप्प गप्प, ती चुरूचुरू बोलणारी. दोन दिवसांत अख्खं सासर तिच्यावर लट्टू. ती परत गेली आणि सासूबाई पुढची तीस वर्षं मला ऐकवत राहिल्या, "तुझी ती बहीण काय चुणचुणीत होती!" तुमच्या शेजारच्या आजींचं ऐकून मला सासूबाईच आठवल्या.

ओहायोवाली
आत्याबाई, हे फारच जवळ आलं! मॅकेनच्या सभांना पेलिन नसतील तर गर्दी ओसरायची असं आजीही सांगायच्या.

पाटीपेन्सिल
पाठराखीण छान आहे, पण अर्थ सरकतो. 'पाठराखण करणे' म्हणजे चूक झाली तरी बाजू घेणे. आणि लग्नातली पाठराखीण चार दिवसांनी परत जाते, उपाध्यक्ष चार वर्षं तिथेच. शिवाय अध्यक्षाला काही झालं तर तिलाच संसार करावा लागतो. कॉलिन पॉवेल रिपब्लिकन असून त्यांनी ऑक्टोबरमध्ये ओबामांना पाठिंबा दिला तेव्हा पेलिनबद्दल हेच म्हणाले होते, की या पदासाठी त्या तयार आहेत असं वाटत नाही.

माझं मत, सरळ 'जोडीदार' म्हणा.

रिकामटेकडा
नका म्हणू! 24 साली कुठल्याशा बातमीत 'हॅरिस यांचे जोडीदार वॉल्झ' असं ऐकून आमच्या काकूने विचारलं, "म्हणजे हिने नवरा बदलला?"

मुळाक्षर
सगळे 'रनिंग'च्या मागे लागलात, 'मेट'कडे कोणी बघतच नाही. मेट म्हणजे आपला मित्रच. मित्र, मीत, मेट. संस्कृतातूनच गेलाय.

कोशकीटक
मुळाक्षर, पुन्हा तेच! गेल्या वेळी तुम्ही 'पार्टी' हा शब्द 'पाटी'वरून आणला होता. इंग्रजी मेट जर्मन बाजूच्या भाषांमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ अन्नाशी जोडलेला आहे, एकत्र जेवणारा. मांसासाठी जो इंग्रजी शब्द आहे, मीट, तो याच्याच घरचा. म्हणजे ताटातला वाटेकरी. मित्राशी संबंध नाही.

मुळाक्षर
एकत्र जेवणारा म्हणजे मित्रच ना?

कोशकीटक
अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही हो.

घाटावरचा
मेट मराठीतबी आहे. गडाच्या अर्ध्या वाटंवर पहाऱ्याची जागा असती तिला मेट म्हणतात, तिथला तो मेटकरी. गडावर बसलाय एक, खाली मेटावर दुसरा. उपाध्यक्षाला बरोबर बसतंय.

रिकामटेकडा
आणि मतदार मेटाकुटीला.

शुद्धलेखिका
चर्चा छान, पण मूळ मजकुरात 'तिकीट' शब्द सरळ वापरला आहे त्याकडे कोणी लक्ष वेधलं नाही. मराठीत तिकीट एकाला मिळतं किंवा कापलं जातं. दोघांच्या जोडीला तिकीट म्हणणं ही अमेरिकन सवय. मराठी वाचकाला वाटेल आजोबांना बसच्या तिकिटाबद्दल भावना आहेत. 'उमेदवारद्वय' लिहावं.

पाटीपेन्सिल
उमेदवारद्वय! उमेदवार फारसी, द्वय संस्कृत. तुमच्याच नियमाने हा संकर झाला.

शुद्धलेखिका
रूढ झालेला परका शब्द आणि आज आळसाने घेतलेला परका शब्द यांत फरक असतो. सावरकरांनी 'मेयर'ला महापौर दिला तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

पाटीपेन्सिल
महापौर टिकला कारण म्हणायला सोपा आहे. न टिकलेल्या शब्दांची नावं तुम्हालाही आठवणार नाहीत. आणि 'उमेदवार'चंच घ्या. उमेद धरून असलेला तो उमेदवार. आमचे आजोबा एका वकिलाकडे दोन वर्षं 'उमेदवारी' करत होते, म्हणजे बिनपगारी काम शिकत होते. त्या अर्थाने अध्यक्षपदाला उभा असतो तो नव्हे, खरा उमेदवार उपाध्यक्षच. वरचा कधी हलतो याची उमेद धरून बसलेला.

टीपकागद
म्हणजे माझं 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार' बरोबरच होतं. धन्यवाद.

ओहायोवाली
मंडळी, 'मिक्स्ड फीलिंग्ज'चं काय? मी 'अर्ध्या मनाने मत दिलं' असा विचार करतेय.

शुद्धलेखिका
अर्ध्या मनाने हे इंग्रजीचं भाषांतर आहे. मराठी माणसाचं मन अर्धं होत नाही. ते खातं, मोडतं, विटतं, मारावं लागतं. 'मन मारून' लिहा.

आत्याबाई
मन मारून म्हणजे इच्छा दाबून. त्या आजोबांना मॅकेन तर मनापासून हवा होता की! आमच्याकडे याला म्हणतात तुपाच्या आशेने उष्टं खाणं. तूप हवंय, उष्टं चालवून घ्यायचं. गंमत अशी की आजोबांचं तूप ते आजींचं उष्टं, आणि आजींचं तूप ते आजोबांचं उष्टं. ताट एकच.

रिकामटेकडा
दगडापेक्षा वीट मऊ.

पाटीपेन्सिल
ते समोरच्या पक्षाशी तुलना केल्यावर. इथे प्रश्न आपल्याच ताटातला आहे. ज्यांना मॅकेनही नको होते आणि पेलिनही, त्यांच्यासाठी आहे 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास'. आणि शेवटी सगळ्यांसाठी 'पदरी पडलं, पवित्र झालं'.

आत्याबाई
ते निकालानंतर म्हणायचं. आणि यांच्या तर पदरी काहीच पडलं नाही!

दूरदेशी
मी तेव्हा टेक्ससमध्ये होतो. पेलिनबाईंनी निवडणूक घालवली असं म्हणणारे लोक 15 सप्टेंबर विसरतात. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, त्यानंतर कोणीही जोडीला असतं तरी रिपब्लिकन पडलेच असते. इलेक्टोरल मतं 365 विरुद्ध 173, एका बाईने एवढा फरक पडत नाही. मॅकेन यांनी पुढे 2018 मध्ये लिहिलं की लीबरमनना घेतलं नाही याची खंत वाटते. हेच लीबरमन 2000 साली डेमोक्रॅट पक्षाकडून गोर यांचे रनिंग मेट होते! घेतलं असतं तर आजींनी पाटीच उपटून टाकली असती.

शुद्धलेखिका
हे राजकारण झालं. धागा शब्दांचा आहे.

दूरदेशी
बाई, शब्द राजकारणातूनच आलाय.

कोशकीटक
ओहायोवाली, तुम्हाला हवा असलेला शब्द आत्ता सुचला. किंतु. 'मत दिलं, पण मनात किंतु होता.' संस्कृतात ते नुसतं अव्यय, मराठीने त्याचं नाम केलं आणि मनात ठेवून दिलं. किंतु असलेल्या माणसाचं ठरलेलं असू शकतं. द्विधा माणसाचं नसतं.

ओहायोवाली
काका!! हाच. 'आजोबा म्हणाले, मत तर देणार, पण जोडीबद्दल मनात किंतु आहे.' पट्टीसुद्धा किंतुसारखीच होती, लांबून न दिसणारी. आता फक्त रनिंग मेट राहिला. पाठराखीण की मेटकरी? रविवार उद्यावर आलाय.

शुद्धलेखिका
किंतु पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे आधी ठरवा. आमच्याकडे विदर्भात 'किंतु होतं' असंही ऐकलंय.

मुळाक्षर
'चिकटपट्टी' लिहिलंय ते मला फार आवडलं. आमच्या घरात सगळे सेलोटेप म्हणतात. पण रंगाऱ्याची पट्टी कागदी असते ना, मग तिला सेलोटेप चालेल का?

टीपकागद
घाटावरचा, एक शंका. ती घोडी पुढे पळते म्हणता, मग बैल मागे पडले तर घोडी काय करते? थांबते?

घाटावरचा
थांबती कसली. ती वर जाऊन उभी राहती. पण घड्याळ गाड्याचं लावतात, घोडीचं नाही.