उगवलं की नाही असा डेटा आहे, रिग्रेशन कोणतं लावू? (तातडीची मदत हवी)

निपाणीची_लेक
बेणे प्रक्रियेनं, म्हणजे लावण्याआधी टिपऱ्या औषधात बुडवल्यानं, उगवण वाढते का ते उसाच्या एक डोळा टिपऱ्यांवर (एकेक डोळ्याचे तुकडे) बघतेय. उगवली तर १, नाही तर ०. एक्सेलात नेहमीचं रिग्रेशन लावलं, तर काहींचं उत्तर १.०८ आलं. १०८ टक्के उगवण? कोणतं लावू एवढंच सांगा. परवा सरांना दाखवायचंय.

चिकोडीकर
लॉजिस्टिक लावा. सरळ रेषा ० आणि १ च्या बाहेर पळते, लॉजिस्टिक पळत नाही. पण टिपऱ्या किती, मेलेल्या किती?

सदलग्याचा_ऊस
जात कुठली? ८६०३२ असेल तर बेणं दहा महिन्यांच्या आतलं घ्या. बुडख्याकडचा डोळा काळा पडलेला असतो, बोट लावलं की आत मऊ लागतो. तो उगवत नाही.

निपाणीची_लेक
काका, जातीचं नाही विचारलं. २०० टिपऱ्या, २१ मेल्या. लॉजिस्टिक लावलं, तर बेणे प्रक्रियेचा गुणांक (परिणामाचा आकडा) १९ आणि स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) हजारांत! माझंच काही चुकतंय का?

जुना_प्राध्यापक
शेतीत प्रॉबिट वापरतात, तीही लॉजिस्टिकसारखी हो-नाही डेटाचीच पद्धत. ब्लिस यांनी १९३४ मध्ये कीटकनाशकाच्या मात्रेसाठी तेच मांडलं. प्रॉबिट करा.

चिकोडीकर
सर, प्रॉबिटनं इथं काही सुटणार नाही. ताई, प्रक्रिया केलेली एक तरी टिपरी मेली का?

निपाणीची_लेक
एकही नाही. शंभरच्या शंभर उगवल्या.

चिकोडीकर
तिथंच अडलंय. एका गटात नुसते १ असले की गुणांक अनंताकडे धावतो, लॉजिस्टिक असो वा प्रॉबिट. अशा पळणाऱ्या गुणांकाला आवरणारी फर्थ यांची १९९३ ची दुरुस्ती वापरा, आर या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी लॉजिस्टएफ नावाचं पॅकेज आहे. घाबरून प्रक्रिया हा चल (हिशोबातला घटक) मात्र काढू नका, तोच तर तुमचा निष्कर्ष. आणि मेलेल्या २१ च आहेत, तेव्हा दोनाहून जास्त चल घालू नका. मोजायचं ते २१, २०० नव्हे.

जुना_प्राध्यापक
एका चलाला दहा घटना (इथं मेलेल्या टिपऱ्या) हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

चिकोडीकर
मान्य सर. तरी सहा चल कोंबण्यापेक्षा दोन बरे.

निपाणीची_लेक
फक्त प्रक्रिया ठेवून फर्थ लावलं. गुणांक ४ च्या आसपास आला! झालं ना?

खानापूरची_वाट
मधेच विचारते, दोन्ही प्रकारच्या टिपऱ्या एकाच ट्रेत होत्या?

निपाणीची_लेक
वेगळ्या. पन्नासाचे चार ट्रे, दोन प्रक्रियेचे, दोन बिनप्रक्रियेचे. बिनप्रक्रियेचे दोन्ही दाराशी होते, तिथं दुपारी ऊन येतं.

खानापूरची_वाट
मग त्या २१ टिपऱ्या उन्हानं वाळल्या की प्रक्रिया नव्हती म्हणून मेल्या, हे कुठलंच रिग्रेशन सांगणार नाही. प्रत्येक ट्रेत अर्ध्या-अर्ध्या लावा, ट्रेंच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि हिशोबात ट्रेचा परिणाम धरा. तीनेक आठवडे जातील.

चिकोडीकर
हे मी आधी विचारायला हवं होतं.

निपाणीची_लेक
रडू येतंय, पण पटलं. परवा सरांना खरं तेच सांगते. आता बेणं कुठून आणू?

सदलग्याचा_ऊस
काळजी काय करूलालीस? माझ्याकडं नऊ महिन्यांचं ८६०३२ उभं आहे. ये, पाहिजे तेवढे डोळे काढून ने. बुडख्याचे तेवढे सोड.