मेसेज म्हणतो मासा, मामा म्हणतो खडप: विज्ञान कोणाला म्हणायचं?

हर्णैचा_भाचा

मामा चाळीस वर्षं हर्णै बंदरात तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. परवा त्याच्याकडे बसलो असताना मावसभावाच्या मोबाइलवर मेसेज आला: बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या मीटर पाण्यात मासळी मिळण्याची शक्यता. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या वरच्या थराचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून हे अंदाज काढते. मामाने दिशा-अंतर दोनदा विचारून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाला, "थेट खडपावर पाठवतायत. जाळं फाटेल."

सुवर्णदुर्गाचा बुरूज आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आली की पुढे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, हे त्याला त्याच्या बापाने होडीतून दाखवलेलं. कुठे छापलेलं नाही. म्हणून मेसेज ते विज्ञान आणि मामाचा तो नुसता 'अनुभव'. ही वाटणी केली कोणी?

विज्ञानाचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ हाच प्रश्न विचारतात. १९८६ साली चेर्नोबिलच्या स्फोटानंतर इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर उतरलं आणि मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तज्ज्ञ म्हणाले, तीन आठवडे. त्यांचा हिशेब चिकणमातीचा होता, तिच्यात सीझियम अडकून बसतं. डोंगरावरची माती वेगळी, तिथे ते पुन्हा पुन्हा गवतात येत राहिलं. शेवटचे निर्बंध उठायला २०१२ उजाडलं. ब्रायन विन हे अभ्यासक त्या मेंढपाळांशी बोलले. तज्ज्ञांचा सल्ला होता, मेंढ्या खाली दरीतल्या कुरणात ठेवा. मेंढपाळांना ठाऊक होतं की तेवढं गवत तिथे पुरणारच नाही. पण त्यांना विचारतो कोण?

डिझेलचा_हिशेब

भाचेबुवा, मिरकरवाड्यात माझी बोट आहे, म्हणून बोलतो. खडप हलत नाही, मासा हलतो. काल बांगडा लागला तिथे आज पाणी रिकामं असतं. बापजाद्यांच्या खुणा बुरूज-डोंगर सांगतील, आजचा बांगडा नाही सांगणार. शोधत फिरायचं म्हणजे डिझेल जाळायचं, आणि रिकाम्या हाताने परत आलो तरी खलाशांना जेवण द्यावंच लागतं. मेसेज दहापैकी सहा वेळा जरी बरा निघाला तरी माझी फेरी वाचते.

आणि मेंढ्यांच्या गोष्टीतून तुम्ही भलतंच काढताय. माती चुकीची धरली हा त्या तज्ज्ञांचा गाढवपणा. माती नीट तपासली असती तर विज्ञानानेच बरोबर उत्तर दिलं असतं.

विवेकी_कोकणी

वरच्याला अनुमोदन. हा 'सगळ्यांचं ज्ञान सारखंच' प्रकार ऐकायला गोड लागतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, कोकणातले कितीतरी खलाशी परतलेच नाहीत. त्या होड्यांवर अनुभवी तांडेल नव्हते का? अशा वेळी मला उपग्रह हवा, मामा नको. (मामांचा अनादर नाही.)

मानववंशशास्त्रच काढलंत तर मालिनोव्स्कीही आठवा. त्याने ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिलं की शांत खाजणात मासे धरताना तिथले लोक जादूटोणा करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना मात्र करतात. भीती तिथे विधी. मग जीपीएस आलं, इशारे आले, की भीती कमी आणि नारळही कमी. इतकं सोपं आहे.

हर्णैचा_भाचा

@विवेकी, कमी झालेत का पण? नारळी पौर्णिमेला बंदरात येऊन बघा. मावसभाऊ समुद्राला नारळ देतो आणि त्याच हाताने फिश फाइंडर चालू करतो. त्याला त्यात भांडण दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

'सगळं सारखंच' मी कुठे म्हटलं? वादळाचा इशारा मामाही निमूट ऐकतो. माझं म्हणणं एवढंच, की जी पट्टी मामाला लावता तीच मेसेजलाही लावा. कुठे चालतो, कुठे फसतो, ढग आल्यावर काय होतं.

@डिझेल, माती तपासायची हे सुचायला त्या डोंगरावर राहणाऱ्याला विचारावं लागतं, मुद्दा तोच. आणि फिश फाइंडरचंच घ्या. पडद्यावर लाल-पिवळे ठिपके सगळ्यांनाच दिसतात. तो बांगड्याचा थवा की तळाचा चिखल हे कोण ओळखतं? यंत्र आलं म्हणून तांडेलाचं कसब गेलं नाही, पाण्यावरून पडद्यावर सरकलं.

रापणकर

तो मेसेज माका पण येता. तीस किलोमीटर पश्चिमेक मासो आसा म्हणता. माजी रापण किनाऱ्यार ओढतत, पंचवीस-तीस माणसा दोरयेक लागतत. मी थंय जावन काय करू, मासो बघून परत येव? मोठी बोट घेवन जाळ्यान थवो घेरणारो पर्ससीनवालो तोच मेसेज वाचून थंय पोचता. मग किनाऱ्याक काय येतला?

बंदीचंही तसंच. एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. रात्री आमच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेकडे बघा, दिवे मोजा. उपग्रहाला हरितद्रव्य दिसतं, तर हे दिवे कुणालाच दिसत नाहीत?

डिझेलचा_हिशेब

दिव्यांचं मान्य. पण त्याला मेसेज काय करणार, तो सगळ्यांना सारखाच जातो.

रापणकर

सारखो जाता, तोच तर घोळ.

टोपलीवाली_लेक

सगळे समुद्रातच अडकलात. माझी आई लिलावात सुरमईचा कल्ला उघडते, रंग बघते, पोट दाबते, आणि बर्फात कधी घातली ते सांगते. या शास्त्रावर कोणी धागा काढत नाही. चालू द्या तुमचं.

डिझेलचा_हिशेब

ताई, त्या कल्ल्यापायी माझा भाव किती वेळा पडलाय विचारू नका.

आता लिहितोच आहे तर एक कबूल करतो. गेल्या वर्षी जुना जीपीएस विकायला काढला. वडील होते तेव्हा त्यांना शेजारी बसवून एकेक जागा भरली होती: खडपं, बुडालेलं गलबत, श्रावणानंतर सुरमई फिरते ती कड. दोनशेच्या वर पॉइंट. घेणारा आला. काच तडकलेली होती, त्याने बघितलीही नाही. पहिला प्रश्न, "आतले पॉइंट पुसले नाहीत ना?" मशीन कापडात गुंडाळून घरी घेऊन आलो. अजून कपाटात आहे.

हर्णैचा_भाचा

मामाला हे वाचून दाखवलं. तो विचारतोय, किती देत होता?