मदत हवी आहे : भिंतीलगतच्या पेरूला तारेवर वळण देताना आलेली अडचण

नमस्कार. लातूरला आमच्या घराच्या पूर्वाभिमुख कुंपणभिंतीलगत जेमतेम तीन फूट रुंदीची जागा असल्याने, गेल्या वर्षी जुलैमध्ये तेथे सरदार जातीच्या पेरूचे कलम लावून त्याला एस्पॅलियर पद्धतीने, म्हणजे भिंतीला समांतर सपाट पसरवून, वाढवायचे ठरवले. दीड-दीड फुटांवर तीन तारा ताणल्या, पहिल्या तारेच्या किंचित खाली शेंडा छाटला आणि जोमदार फुटव्यांपैकी दोन ठेवून ते सुतळीने दोन्ही बाजूंना बांधले.

चूक बहुधा येथेच झाली. फांद्या काही महिने तिरक्या ठेवून हळूहळू खाली आणण्याऐवजी मी उत्साहाच्या भरात त्या एकदम आडव्या केल्या. आता त्यांच्या टोकांची वाढ थांबली असून बुडाजवळून मात्र पाणसोट, म्हणजे सरळ उभे वाढणारे फुटवे, जोरात निघत आहेत. ते मुळापासून काढावेत, की एखादा राखून त्यापासून नवी बाजूफांदी तयार करावी? आडव्या फांद्यांची टोके पुन्हा वर उचलून बांधली, तर वाढ सुरू होईल का?

पेरूला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीची भीती नाही. प्रश्न वेळेचा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भिंतही तापते. अशा वेळी उघड्या पडलेल्या सालीला चुना लावणे पुरेसे ठरेल, की छाटणीच पावसाळ्यापर्यंत लांबवावी? मराठवाड्यात कुणी असा प्रयोग केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.