पिया सुंदहागे: आधी खेळाडू, मग प्रशिक्षक

मैदानवेडी:
पिया सुंदहागे म्हटलं की सगळे अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाच्या २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांवर येतात. तिने ती प्रशिक्षक म्हणून मिळवली, पण त्यामागे खेळाडू पिया झाकली गेली याचं मला वाईट वाटतं. जन्म १९६० चा, स्वीडनच्या उल्रिसेहामनचा. लहानपणी खेळायला मिळावं म्हणून मुलग्याचं नाव लावून मुलांच्या संघात उतरली. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली आणि १९९६ पर्यंत १४६ सामन्यांत ७१ गोल केले. १९८४ च्या पहिल्या महिला युरो स्पर्धेची अंतिम लढत दोन सामन्यांची होती. गोथेनबर्गला स्वीडन १-० ने जिंकलं, तो गोल पियाचा, हेडरने. इंग्लंडमधल्या ल्युटनच्या चिखलात यजमानांनी १-० ची परतफेड केली. मग पेनल्टी, आणि जिंकून देणारी पेनल्टीही पियाचीच. १९८८ मध्ये स्वीडनच्या टपाल तिकिटावर ती झळकली. माझ्या मते ती आधी थोर खेळाडू आहे, प्रशिक्षक नंतर.

कट्टा_११:
साफ असहमत. १९८४ च्या अंतिम टप्प्यात संघ चार, सामना ७० मिनिटांचा, चेंडूसुद्धा लहान. याउलट २००७ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून ०-४ हरलेला, गोलकीपरच्या वादाने दुभंगलेला अमेरिकेचा संघ तिच्या हाती आला आणि वर्षभराच्या आत बीजिंगमध्ये त्याच ब्राझीलला हरवून सुवर्ण. हे काम कितीतरी अवघड.

मैदानवेडी:
७० मिनिटं खेळाडूंनी ठरवली नव्हती! बायकांना याहून जास्त झेपणार नाही हा पदाधिकाऱ्यांचा समज होता. १९९१ चा पहिला विश्वचषकही ८० मिनिटांच्याच सामन्यांचा. त्यात उपांत्यपूर्व फेरीत यजमान चीनविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला पियाने गोल केला आणि त्या एका गोलावर स्वीडन पुढे गेलं, शेवटी तिसरं आलं. नियम तोकडे होते म्हणून तिचे गोल तोकडे कसे?

डावी_बगल:
प्रशिक्षक म्हणून सगळं सोनंच नव्हतं, हेही लिहा. २०२३ च्या विश्वचषकात तिचा ब्राझील जमैकाशी ०-० बरोबरीत अडकून साखळीतच गारद झाला. मी मात्र तिला २०२१ च्या, ब्राझीलमधल्या मनौसच्या सामन्यामुळे लक्षात ठेवते. ब्राझील ६, भारत १; आपला गोल मनीषा कल्याणचा. तेव्हा आपले प्रशिक्षक थॉमस डेनरबी, म्हणजे २०१२ मध्ये स्वीडनच्या संघावर ज्यांच्या जागी पिया आली तेच. दोन्ही बाकांवर स्वीडिश डोकं!

कट्टा_११:
जमैकाचं खरं आहे. पण २०१६ चं रिओ? स्वीडनला घेऊन तिने अमेरिकेलाच पेनल्टीवर बाहेर काढलं. मागे राहून बचाव केला म्हणून अमेरिकेची गोलकीपर होप सोलोने भित्रे म्हटलं, तरी तिने डाव बदलला नाही आणि रौप्य आणलं.

मैदानवेडी:
हाच तर माझा मुद्दा. रिओला पेनल्टी मारायला पोरी पाठवणारी बाई स्वतः ल्युटनला त्या जागेवर उभी राहिली होती. चिखलात, २४ व्या वर्षी.